मॅट्रिक्स स्विचरला सिरीयल कमांड पाठवताना दोन कमांडमध्ये किती थांबावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला पाहता येईल. ऐरोलीच्या ऑफिसात तुमचा ट्रेनिंग हॉल आहे. रॅकमध्ये ८ इनपुट, ८ आउटपुटचा एचडीएमआय मॅट्रिक्स आहे, म्हणजे कोणताही सोर्स कोणत्याही पडद्यावर नेणारा स्विचर, आणि तो तुम्ही पायथनमधून आरएस-२३२ वर, म्हणजे सिरीयल तारेवर, चालवताय. टर्मिनलमध्ये हाताने कमांड टाइप केली की प्रत्येक वेळी बरोबर स्विच होतं. प्रोग्रॅमने मात्र आठ आउटपुटच्या आठ कमांड एका दमात पाठवल्या, की शेवटच्या दोन-तीन कधी लागतात, कधी नाही. मध्ये १०० मिलिसेकंदांचा स्लीप, म्हणजे प्रोग्रॅमचं नुसतं थांबणं, टाकल्यावर सुधारलं, पण पूर्ण गेलं नाही. म्हणून तुम्ही विचारताय की स्लीप नेमका किती ठेवायचा.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या हॉल, बोर्डरूम आणि कंट्रोलरूमच्या रॅकमध्ये माझी वीसेक वर्षं गेली आहेत आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. तरीही मी तुम्हाला आकडा देणार नाही, कारण आज तुमच्याकडे चालणारा आकडा पुढच्या महिन्यात चालेलच असं नाही. तुमच्या वर्णनातली खरी खूण वेगळीच आहे. हाताने टाइप करताना चालतं, कारण तेव्हा तुम्ही कमांड देता, स्क्रीनवर आलेलं उत्तर वाचता आणि मगच पुढची टाइप करता. प्रोग्रॅम ते उत्तर वाचतच नाही. मॅट्रिक्स प्रत्येक कमांडला काहीतरी परत बोलतोय आणि ते ऐकायला समोर कोणी नाही.

काही गोष्टी तुमच्या यंत्रावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही मेक लिहिलेला नाही. काही यंत्रं प्रत्येक कमांडला उत्तर देतात, काही फक्त चूक झाली तरच बोलतात आणि काही स्वस्त स्विचर अजिबात बोलत नाहीत. काहींच्या मेनूत उत्तरं चालू-बंद करायची सोय असते. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर कमांडचा तक्ता असतो. त्यात कमांडच्या शेजारी उत्तराचा रकाना आहे का, ते पहिल्यांदा बघा. पुढचं सगळं उत्तर देणाऱ्या यंत्राबद्दल आहे. न बोलणाऱ्याचं शेवटी बघू.

उदाहरणाला एक्सट्रॉन कंपनीच्या मॅट्रिक्सची कमांड घेतो, कारण ती उघड छापलेली आहे आणि हातानेही टाइप करता येते. इनपुट १ आउटपुट २ वर न्यायचा असेल तर १*२! एवढंच पाठवायचं. मॅट्रिक्स उत्तर देतो: आउट२ इन१ ऑल आणि त्यामागे कॅरेज रिटर्न, लाइन फीड, म्हणजे ओळ संपल्याची दोन न दिसणारी अक्षरं. (इथे मी देवनागरीत लिहितोय, पोर्टवर अर्थात रोमन अक्षरं आणि आकडे जातात.) आता हिशेब करा. ९६०० बॉड (म्हणजे इथे सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. स्टार्ट बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. एक अक्षर जायला साधारण १.०४ मिलिसेकंद. कमांड ४ अक्षरांची, उत्तर रोमनमध्ये मोजलं तर १४ अक्षरांचं. तुमच्या आठ कमांड मिळून ३२ अक्षरं, ती सुमारे ३३ मिलिसेकंदांत तारेवरून निघून जातात. मॅट्रिक्सला आठ उत्तरं द्यायला मात्र ११२ अक्षरं पाठवावी लागतात. त्याला नुसते ११७ मिलिसेकंद लागतील आणि त्यात स्विचिंगचा वेळ धरलेलाच नाही. म्हणजे तो दुसऱ्या-तिसऱ्या कमांडचं उत्तर देत असतो तेव्हा तुमची आठवी त्याच्या दारात येऊन उभी असते. आत येणाऱ्या अक्षरांसाठी त्याच्याकडे किती मोठा बफर (तात्पुरता साठा) आहे, ते त्याच्या फर्मवेअरवर, म्हणजे आतल्या प्रोग्रॅमवर, अवलंबून. लहान असेल तर तो भरतो आणि मागून आलेलं गळून जातं. पहिल्या पाच-सहा लागतात आणि शेपटीच्या गळतात, याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

मग १०० मिलिसेकंद थांबूनही अधूनमधून का चुकतं? मॅट्रिक्स प्रत्येक वेळी तेवढाच वेळ घेत नाही. कोणी नवा लॅपटॉप जोडला की तो त्याच्याशी ईडीआयडी (पडद्याला कोणतं चित्र चालतं त्याची माहिती) आणि एचडीसीपीची (कॉपी रोखण्यासाठीची ओळखपरेड) देवाणघेवाण करत बसतो. कोणी त्याचं वेबपेज उघडून ठेवलेलं असतं. अशा वेळी उत्तराला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागू शकतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नवी मुंबईतल्या एका संस्थेच्या सभागृहाचं काम मी केलं होतं आणि प्रोग्रॅम माझाच होता. कमांडमध्ये २०० मिलिसेकंदांचा स्लीप. दोन दिवस तालीम झाली, एकदाही चुकलं नाही. वार्षिक सभेच्या दिवशी पाहुण्यांनी ऐनवेळी स्वतःचा लॅपटॉप जोडला आणि ऑपरेटरने पॅनेलवर ‘सादरीकरण’ दाबलं. दोन बाजूंच्या पडद्यांवर स्लाइड आल्या, मधल्या मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र तसंच राहिलं. ऑपरेटरचा दोष काहीच नव्हता. त्याच्या पॅनेलवर तिन्ही पडद्यांपुढे ‘लॅपटॉप’ असंच उजळलेलं होतं, कारण कमांड पाठवली की बटण उजळायचं, असं मीच लिहिलं होतं. मॅट्रिक्सने ती कमांड घेतली का, हे माझा प्रोग्रॅम विचारतच नव्हता. पाहुणे मागे वळून पडद्याकडे बघत बोलायचे थांबले, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून माझ्या पॅनेलवरचं बटण मॅट्रिक्सचं उत्तर आल्याशिवाय उजळत नाही.

स्लीप वाढवत नेलं तर? आठ कमांडमध्ये एकेक सेकंद टाकलात तर पडदे एकामागून एक सात-आठ सेकंद बदलत राहतील. तिसऱ्या सेकंदाला ऑपरेटर पुन्हा बटण दाबेल आणि रांगेत अजून आठ कमांड येऊन बसतील.

आता करायचं काय. कमांडची एक रांग ठेवा आणि पोर्टवर एका वेळी एकच कमांड बाहेर असू द्या. ती पाठवली की उत्तराची ओळ पूर्ण होईपर्यंत वाचत राहा. पायथनच्या पायसिरीयल लायब्ररीत ओळीच्या शेवटापर्यंत वाचण्याची सोय आहे, तिला एक सेकंदाचा टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची कमाल मुदत, द्या. टाइमआउट आणि स्लीप वरवर सारखे दिसतात, पण स्लीपचा वेळ दर वेळी जातो, टाइमआउटचा फक्त अडचण आल्यावर. उत्तर २० मिलिसेकंदांत आलं तर तुम्ही २० मिलिसेकंदांत पुढे जाता. आठ कमांडचं सगळं काम पाव सेकंदाच्या आसपास आटोपतं आणि मॅट्रिक्स गुंतलेला असेल तर प्रोग्रॅम आपोआप त्याच्या चालीने चालतो.

उत्तर तीन तऱ्हेचं असेल. अपेक्षित ओळ आली तर पुढची कमांड. चुकीचा कोड आला, उदाहरणार्थ एक्सट्रॉनमध्ये ई०१ म्हणजे इनपुटचा नंबर चुकीचा किंवा ई१० म्हणजे कमांडच कळली नाही, तर पुन्हा पाठवू नका. तीच कमांड शंभर वेळा पाठवली तरी तेच उत्तर येणार, चूक तुमच्या कोडमध्ये आहे. काहीच आलं नाही तर पुन्हा पाठवा, फार तर आणखी दोनदा, आणि तरीही शांतता असेल तर पॅनेलवर ‘मॅट्रिक्सशी संपर्क नाही’ असं स्वच्छ मराठीत दाखवा.

पुन्हा पाठवण्याबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. ‘इनपुट १ आउटपुट २ वर’ ही कमांड दोनदा गेली तरी बिघडत नाही, परिणाम तोच. पण ‘आवाज एक पायरी वाढव’ किंवा ‘चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू’ असल्या कमांड आंधळेपणाने पुन्हा पाठवू नयेत. पहिली पोचली असेल आणि फक्त उत्तर हरवलं असेल, तर दुसरीने सगळं उलटं होतं. शक्य असेल तिथे थेट अवस्था सांगणारी कमांडच वापरा: आवाज अमुक पातळीवर ठेव, पॉवर चालू कर. तशी नसेल तर आधी सध्याची अवस्था विचारा, मग ठरवा.

उत्तर वाचताना बहुतेकजण एका ठिकाणी अडकतात, मीही अडकलो होतो. त्या सभेनंतर मी कोड बदलला, तरी काही वेळा उत्तर चुकीचं म्हणून प्रोग्रॅम तीच कमांड पुन्हा पाठवत होता. म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक तुकडा वेळेसकट फाइलमध्ये लिहायला लावला. त्यात हे दिसलं:

०३.११० गेलं: ५*३!
०३.१२८ आलं: आउट३ इ
०३.१४४ आलं: न५ ऑल

उत्तर बरोबरच होतं, फक्त दोन तुकड्यांत आलं होतं. माझा कोड पहिला तुकडा पूर्ण ओळ समजून ताडून बघत होता. मधले १६ मिलिसेकंद पाहा. यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरमधली (कॉम्प्युटरच्या यूएसबीला सिरीयल पोर्ट देणारी डबी) एफटीडीआय कंपनीची चिप आलेली अक्षरं थोडी साठवून मग कॉम्प्युटरला देते आणि तो साठवण्याचा वेळ मूळ सेटिंगमध्ये १६ मिलिसेकंदांचाच असतो. मॅट्रिक्स एका दमात बोलला होता, तोडलं मधल्या डबीने. त्यामुळे आलेली अक्षरं एका साठ्यात जोडत जा, त्यात ओळीचा शेवट सापडला की तेवढी ओळ कापून घ्या आणि उरलेलं तसंच पुढच्यासाठी ठेवा. एका वेळी अर्धी ओळ येईल, कधी दीड येईल, दोन्ही चालायला हवं.

याच साठ्यात कधी तुम्ही न विचारलेलं उत्तरही येईल. कोणी रॅकपाशी जाऊन मॅट्रिक्सच्या पुढच्या पॅनेलवर बटण दाबलं, की बरीच यंत्रं तोच बदल सिरीयलवरही कळवतात. ती ओळ कचरा समजून फेकू नका, तुमच्या पॅनेलवरची स्थिती तिने अद्ययावत करा. म्हणूनच कमांड पाठवण्याआधी बफर सरसकट रिकामा करण्याची सवय मला आवडत नाही. त्यात असली खरी बातमी बुडते. शिवाय मी दर अर्ध्या मिनिटाला, रांग रिकामी असताना, प्रत्येक आउटपुटवर कोण आहे ते विचारून घेतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज क्षणभर जाते, मॅट्रिक्स पुन्हा सुरू होतो आणि प्रोग्रॅम मात्र यूपीएसवर जुन्याच समजुतीत चालू असतो. ही विचारपूस असली की तो फरक अर्ध्या मिनिटात कळतो.

तुमच्या आठ कमांडबद्दल आणखी एक. नेहमीच्या मांडण्या तीन-चारच असतील, जसं की वर्ग, सादरीकरण, व्हिडिओ कॉन्फरन्स. बहुतेक मॅट्रिक्समध्ये अशी मांडणी प्रीसेट म्हणून साठवता येते. एक्सट्रॉनमध्ये ५ आणि स्वल्पविराम पाठवला की चालू मांडणी पाचव्या प्रीसेटमध्ये साठते, ५ आणि पूर्णविराम पाठवला की ती परत येते. आठ कमांडच्या जागी एक, आणि सगळे पडदे एकत्र बदलतात.

आता तुमचं मॅन्युअल हेक्सच्या, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांच्या, भाषेतलं निघालं तर सांभाळा. क्रेमर कंपनीचा प्रोटोकॉल २००० याचा चांगला नमुना आहे. इनपुट २ आउटपुट ५ वर न्यायला चारच बाइट लागतात: ०१ ८२ ८५ ८१. पहिला म्हणजे व्हिडिओ स्विच करण्याची सूचना, मग इनपुट, आउटपुट आणि शेवटी यंत्राचा नंबर. या शेवटच्या तिन्हींत सगळ्यात वरचा बिट १ केलेला असतो, म्हणजे हेक्स ८० मिळवलेले असतात, म्हणून २ चे ८२ झाले. यंत्र ४१ ८२ ८५ ८१ असं उत्तर देतं. ०१ चे ४१ होतात, कारण एक बिट फक्त ‘हे यंत्राकडून आलंय’ एवढं सांगायला राखलेला आहे. नवीन मुलं ही कमांड अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहितात आणि चार बाइटऐवजी शून्य, एक, मोकळी जागा अशी अकरा अक्षरं जातात. कॅरेज रिटर्नचंही तेच. तो एक बाइट आहे, हेक्समध्ये ०डी. मॅन्युअलमध्ये कंसात छापलेली दोन अक्षरं किंवा तिरकी रेघ आणि आर जसंच्या तसं पाठवलं, तर यंत्र ओळ संपायची वाट बघत बसतं. काही यंत्रांना कॅरेज रिटर्न पुरतो, काहींना त्यामागे लाइन फीडही लागतो. तुमच्या टर्मिनलने एंटर दाबल्यावर नेमकं काय पाठवलं ते त्याच्या सेटिंगमध्ये पाहा आणि प्रोग्रॅमनेही तेच पाठवू द्या.

पडदे म्हणून मोठे डिस्प्ले असतील आणि तेही सिरीयलवर घेतले असतील, तर चेकसमही (चूक पकडण्यासाठी शेवटी जोडलेली बेरीज) येईल. सॅमसंगच्या डिस्प्लेला चालू करायची कमांड एए ११ ०१ ०१ ०१ १४ अशी जाते. शेवटचे १४ म्हणजे एए सोडून मधल्या चार बाइटची हेक्स बेरीज. डिस्प्लेचा नंबर १ चा २ केलात की बेरीजही १५ होते. हे हाताने तक्त्यात लिहून ठेवण्यापेक्षा चार ओळींचं फंक्शन लिहा.

वायरिंगचं थोडक्यात, कारण टर्मिनलमधून चालतंय म्हणजे तुमची तार ठीक आहे. पण पुढे केबल बदलावी लागेल म्हणून: कॉम्प्युटरच्या ९ पिनांच्या कनेक्टरवर २ नंबर ऐकतो, ३ नंबर बोलतो, ५ नंबर ग्राउंड. समोरच्या यंत्रात २ आणि ३ उलटे असतील तर सरळ केबल, सारखेच असतील तर क्रॉस. शंका असेल तर मल्टिमीटर घ्या. पोर्ट गप्प असताना ग्राउंडच्या तुलनेत जो पिन उणे व्होल्टेज दाखवतो, तो बोलणारा. केबल जुन्या नियमाने १५ मीटरच्या आत ठेवा. हॉलच्या दुसऱ्या टोकाला जायचं असेल, तर पडद्यासाठी एचडीबेस-टी एक्स्टेंडर (नेटवर्कच्या कॅट केबलवरून चित्र लांब नेणारी जोडी) घालताच, त्यातल्या पुष्कळांत चित्रासोबत आरएस-२३२ ही त्याच कॅट केबलवरून जातं. रास्पबेरी पाय (छोटा एकपाटी कॉम्प्युटर) वापरणार असाल तर त्याच्या पिना थेट जोडू नका. त्या ३.३ व्होल्टच्या आहेत आणि आरएस-२३२ ची लाइन उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिपची छोटी पाटी घाला, लॅमिंग्टन रोडला मिळते.

तुम्ही जाता जाता विचारलंय की हे सगळं लॅनवर नेलं तर सुटेल का. बॉडचा हिशेब आणि यूएसबीची डबी सुटेल. उत्तराची वाट पाहणं सुटणार नाही. लॅनवरची देवाणघेवाण सांभाळणारा टीसीपी तुमची अक्षरं मॅट्रिक्सच्या नेटवर्क कार्डापर्यंत क्रमाने पोचवण्याची हमी घेतो, मॅट्रिक्सने ती पाळली याची नाही. ओळ तुकड्यांत येणं तिथेही आहे. त्यामुळे आत्ता रांगेचा आणि ओळ कापण्याचा कोड नीट लिहिलात, तर उद्या फक्त पोर्ट उघडण्याची जागा बदलावी लागेल.

आणि उत्तर बरोबर आलं तरी पडदा दोन-तीन सेकंद काळा राहिला, तर घाबरून पुन्हा कमांड पाठवू नका. मॅट्रिक्सने मार्ग बदललेला असतो. नवा सोर्स आणि डिस्प्ले यांची एचडीसीपीची ओळख पटायला तेवढा वेळ जातो, आणि त्या मधल्या काळात तुम्ही पुन्हा स्विच केलंत तर काही यंत्रांवर ती ओळख पहिल्यापासून सुरू होते. बराच वेळ काळाच राहिला तर तो प्रश्न सिरीयलचा नाही, ईडीआयडीचा किंवा केबलचा आहे.

राहिलं न बोलणारं यंत्र. मॅन्युअलमध्ये दोन कमांडमधलं किमान अंतर दिलेलं असेल तर त्याच्या दुप्पट ठेवा. दिलेलं नसेल तर तुमच्या हॉलमधला सगळ्यात हट्टी लॅपटॉप जोडून-काढून, त्याच वेळी आठही कमांड पाठवून अंतर शोधा. रिकाम्या टेबलावर शोधू नका. अशा यंत्रांसाठी स्लीप ही तडजोड मी स्वतःही करतो, पण तेव्हा पॅनेलवर बटण उजळवत नाही, नुसतं ‘पाठवलं’ असं दाखवतो.

उद्या हॉल रिकामा असेल तेव्हा आधी कोड बदलू नका. आहे त्याच प्रोग्रॅममध्ये पोर्टवरून येणारं-जाणारं सगळं वेळेसकट फाइलमध्ये उतरवायला लावा आणि आठ कमांडचा सेट वीस वेळा चालवा. एखादी कमांड चुकली की त्या जागेच्या आधीच्या-नंतरच्या दहा ओळी, मॅट्रिक्सचा मेक आणि मॉडेल इथे टाका. गळणाऱ्या कमांडचं उत्तर मुळात येतच नसेल तर बफर भरतोय, आणि उत्तर येऊनही पडदा बदलत नसेल तर आपल्याला दुसरीकडे शोधावं लागेल.